तुंबलेले पाणी आणि सहा महिने

शेजाऱ्याने मुरूम टाकून रान उंच केले, पाण्याची वाट बुजली, आपले भात कुजले. आपली माणसे आधी भांडतात, मग सरपंचाकडे हेलपाटे घालतात. ‘मुरमाची परवानगी काढलीय’ असे तो सांगतो. अहो, ती मुरूम उचलण्याची. पाणी अडवण्याची नव्हे!

मामलेदार न्यायालय कायदा, १९०६, कलम ५ प्रमाणे शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बेकायदा अडवला तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत हवा. माझे थोरले चुलते आठव्या महिन्यात कागद घेऊन आले. मी कारकून असून हात चोळत बसलो.

दाव्यात गट नंबर, अडथळ्याची जागा, तारीख आणि साक्षीदार लिहा. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.