भोंकें पडलेला कोबी

मंडईंत कोबी घेतांना आपल्या घरांतील मंडळींची एक ठरलेली रीत असते. गड्डा हातांत घ्यावयाचा, उलटसुलट करून पाहावयाचा, आणि पानास टांचणीएवढें भोंक दिसलें कीं परत टोपलींत टाकावयाचा. कीड नको, हा हेतु रास्तच आहे. परंतु या सवयीचा शेतावर काय परिणाम होतो, आणि तेथून फिरून आपल्याच ताटांत काय येतें, याचा विचार गृहिणींनीं, व पिशवी घेऊन जाणाऱ्या गृहस्थांनींही, करावा असें आम्हांस वाटतें.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, या जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेंत येतो. संगमनेर, पारनेर, राहुरी या बाजूचे शेतकरी विहिरींच्या व कालव्यांच्या पाण्यावर भाजीपाला पिकवितात. कोबी-फ्लॉवरचा मुख्य शत्रु चौकोनी ठिपक्यांचा पतंग. जोराच्या सरींनीं त्याच्या बारीक अळ्या धुऊन जातात. कोरड्या, उबदार हवेंत मात्र त्यांचें फावतें, आणि दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी उभी राहते. पतंग राखी रंगाचा, अगदीं लहान. पंख मिटून बसला म्हणजे पाठीवर तीन चौकोन दिसतात. त्याची हिरवी अळी पानाच्या खालच्या अंगानें गर खरवडून खाते आणि वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक ठेविते. धक्का लागतांच ती रेशमी तंतूवर लोंबकळते.

बाजारास निष्कलंक गड्डा हवा, म्हणून शेतकरी वारंवार औषधें मारूं लागतो. पण हा किडा मोठा चिवट. डीडीटीस तो दाद देत नाहीं, असें जावा बेटांत 1953 सालींच दिसून आलें. पुढें बॅसिलस थुरिंजिएन्सिस नांवाच्या, अळ्यांना मारक असलेल्या जिवाणूची फवारणी आली. तीही पचविणाऱ्या अळ्या हवाई बेटांतील शेतांत सांपडल्याचें 1990 सालीं प्रसिद्ध झालें. फवाऱ्यांतून जे चिवट किडे वांचतात त्यांचीच प्रजा वाढते. शिवाय अळीच्या अंगांत अंडीं घालून तिचा नाश करणारी बारीक गांधीलमाशी त्याच फवाऱ्यानें मरते. म्हणजे पैसा शेतकऱ्याचा, विष आपल्या पोटांत, आणि फायदा पतंगाचा!

यावर एक उपाय आपल्या फोडणीच्या डब्यांतच आहे. मोहरी व कोबी एकाच कुळांतलीं. ज्या उग्र द्रव्यानें इतर किडे दूर पळतात, त्याच्याच वासानें हा पतंग जवळ येतो, आणि त्याला कोबीपेक्षां मोहरी अधिक आवडते. हें ध्यानांत घेऊन बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं कोबीच्या पंचवीस ओळींच्या दोहों बाजूंस मोहरी पेरण्याची पद्धत बसविली. मोहरीची एक ओळ कोबीच्या लागणीपूर्वीं पंधरा दिवस पेरावयाची, दुसरी लागणीनंतर पंचवीस दिवसांनीं, म्हणजे कोंवळा पाला सतत राहतो. पतंग आणि मावा मोहरीवर गोळा होतात. औषध मारावयाचें तें मुख्यतः तेथेंच.

कोबीवर फवारावयाचें झाल्यास निंबोळीचा अर्क पुरतो. पांच किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर पाण्यांत भिजवावी, सकाळीं फडक्यानें गाळावी, थोडा साबण घालून शंभर लिटर पाणी करावें. उन्हानें त्याचा गुण उतरतो, यास्तव फवारणी सायंकाळींच बरी.

घाण्या रोगाची गोष्ट निराळी. पानाच्या कडेपासून आंत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे पिवळे डाग पडतात, शिरा काळ्या होतात, गड्डा सडून दुर्गंधि सुटते. हा रोग बियांतून येतो. तेव्हां बीं 50 अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यांत अर्धा तास ठेवून, सुकवून मग पेरावें. पाणी मापकानेंच मोजावें; हाताच्या अंदाजावर विसंबल्यास बीं शिजावयाचें. कंपनीनें औषध लावून दिलेल्या बियांस मात्र हा उपचार करूं नये. एकदां रोग दिसलेल्या वाफ्यांत दोन-तीन वर्षें कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा यांपैकीं कांहींच लावूं नये, आणि तेथें सांपळ्याची मोहरीही नको. तणाविषयीं एवढेंच कीं, पहिला महिना-दीड महिना खुरपणी चुकवूं नये. लव्हाळा मात्र गांठींसकट काढावा, नाहींतर तो पुन्हां वर येतो.

परसांत चार गड्डे लावणाऱ्यांनींही कडेनें मूठभर मोहरी टाकून पाहावी. बाजारांतून घेणाऱ्यांनीं बाहेरच्या पानास दोन-चार भोंकें असलेला, पण हातास घट्ट व जड लागणारा गड्डा खुशाल घ्यावा. वरचीं तीन-चार पानें काढून टाकावीं, उरलेलीं सुटीं करून मिठाच्या पाण्यांत थोडा वेळ ठेवावीं. अळी असलीच तर वर तरंगते.