सगळेच संदेश ‘एरर’ नसतात!



सी भाषा शिकणाऱ्या मुलांचे प्रोग्राम एकदा चालवून पाहा. फाईल सापडली नाही, की ‘एरर’. एका विद्यार्थ्याचे गुण भरायचे राहिले, तरी ‘एरर’. वाचणाऱ्याला कळतच नाही, आता थांबायचं की पुढे जायचं? म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की ईनम शिकवताना वारांची नावं देऊन थांबू नका. मुलांना संदेशांच्या पातळ्या ठरवायला लावा.

गुणपत्रकाचा साधा प्रोग्राम घ्या. त्यात चार पातळ्या पुरतात :

० गंभीर – गुणांची फाईलच उघडत नाही. प्रोग्राम थांबवा.
१ चूक – १०० पैकी १०५ गुण. ती नोंद वगळा.
२ इशारा – गुणांची जागा रिकामी. पुढे जा, पण नंतर तपासा.
३ माहिती – ४० नोंदी वाचून झाल्या.

ईनममध्ये आकडे आपोआप ० पासून सुरू होतात. नाव आपल्याला वाचायला, आकडा तुलनेला. मग संदेश छापणारं एकच फंक्शन लिहायचं. त्याला पातळी आणि मजकूर द्यायचा. पातळीचा आकडा ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर फंक्शन गप्प बसतं. मर्यादा १ ठेवली, की फक्त गंभीर संदेश आणि चुका दिसतात. एक मात्र सांगा, पातळी म्हणून कोणी ९ दिला तरी सी भाषा अडवत नाही. ती तपासणी फंक्शनमध्ये आपणच घालायची.

कोणी म्हणेल, सिस्लॉगमध्ये ० ते ७ अशा आठ पातळ्या तयार आहेत, त्याच शिकवा ना! जरूर दाखवा. तिथे ० सर्वांत गंभीर. पायथनच्या लॉगिंगमध्ये नेमकं उलट, डीबग १० आणि क्रिटिकल ५०. म्हणजे क्रम माणसांनीच ठरवलेला असतो, हे मुलांना दिसेल. पण तयार यादी पाठ करून विचार होत नाही. स्वतः पातळी ठरवताना मुलाला एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं : हा संदेश वाचून कोणी काय करायचं? उत्तर वेगळं नसेल, तर वेगळी पातळीही नको.

पावसाळ्यात हवामान खातं हेच करतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रोजच लाल इशारा दिला, तर खऱ्या लाल दिवशी कोण ऐकेल?

प्रात्यक्षिकात उत्तर बरोबर आलं, की आपण पूर्ण गुण देऊन मोकळे होतो. त्यातले दोन गुण संदेशांसाठी राखून ठेवा. आणि पालकांनो, तुम्हाला सी येत नसली तरी हरकत नाही. मुलाला एवढंच विचारा, “यातला कोणता संदेश आला, की मी काम थांबवायचं?” त्याला न अडखळता सांगता आलं, तर धडा समजला म्हणायचा.