धूर जातो कुठे?

‘यानाला ढकलून तो धूर जातो कुठे?’ आठवीच्या वर्गात एका मुलीने विचारले. आम्ही लगेच सांगून टाकले, ‘अंतराळात हवा नाही, तो दूर निघून जातो.’ घरी येऊन पुस्तके चाळली, तेव्हा कळले की आमचे उत्तर अर्धेच बरोबर होते.

यानाची दिशा बदलण्यासाठी त्याला छोटी इंजिने असतात. त्यांना थ्रस्टर म्हणतात. बाहेर हवेचा दाब नसल्याने थ्रस्टरचा झोत चहूकडे फाकतो आणि त्यातला थोडा वायू मागेही वळतो. न जळलेल्या इंधनाचे बारीक थेंब यानाच्या थंड पृष्ठभागावर बसतात. शेगडीमागच्या फरशीवर फोडणीचा चिकट थर बसतो ना, तसेच. पण तिथे फडके घेऊन पुसणार कोण? सौरपट्ट्यांच्या काचेवर थर चढला की वीज कमी मिळते. उष्णता बाहेर टाकणारा पांढरा रंग काळवंडला की यान तापते. झेनॉन वायूवर चालणाऱ्या आयन इंजिनाची तऱ्हा निराळी. त्याचे वेगवान कण समोरचा पृष्ठभागच झिजवतात.

म्हणून यान पाठवण्याआधी जमिनीवर परीक्षा होते. मोठ्या निर्वात टाकीत थ्रस्टर चालवतात आणि काच, रंग, प्लॅस्टिकचा पापुद्रा यांचे नमुने वेगवेगळ्या कोनांत ठेवतात. टाकीच्या भिंती अतिथंड ठेवल्या की वायू त्यांवरच गोठतो, उलटून नमुन्यांवर येत नाही. नमुन्यांचे वजन आणि चमक आधी व नंतर तपासतात. शेजारी क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. त्यावर अगदी पातळ थर बसला तरी त्याची कंपने मंदावतात आणि थर किती, ते कळते.

तरी टाकी म्हणजे अंतराळ नव्हे. सप्टेंबर १९९४ मध्ये डिस्कव्हरी शटलने यांत्रिक हाताला सुमारे १० मीटर लांब दांडा जोडला आणि त्यावरची उपकरणे स्वतःच्याच थ्रस्टरच्या झोतासमोर धरली. झोताचा जोर आणि उष्णता मोजली. शटलला पुढे रशियाच्या मीर स्थानकाला भेट द्यायची होती. पाहुण्याच्या झोताने यजमानाच्या सौरपट्ट्या दुखावू नयेत, याची ही काळजी. १९९५ मध्ये अटलांटिस शटल मीरला सुखरूप जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात आपली चूक कबूल केली आणि उत्तर दुरुस्त केले. ती मुलगी म्हणाली, ‘म्हणजे थोडा धूर घरातच राहतो!’ हो बेटा, राहतो. चुकीच्या उत्तराचाही थर बसतो. तो वेळीच पुसलेला बरा.