विश्लेषण : नवजात बाळाची हिरवी उलटी इतकी गंभीर का?

तान्हे बाळ दूध ओकते, हे घरोघरी नित्याचे. पण ओकलेले पांढरे की हिरवे, यावर पुढचे काही तास कसे घालवायचे ते ठरते. हिरवी उलटी म्हणजे पित्ताची उलटी. पित्त लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात मिसळते. ते उलटून वर येत असेल, तर त्यापुढे वाट अडलेली असू शकते. तसे नाही हे तपासणीत सिद्ध होईपर्यंत बालशल्यचिकित्सक अशा बाळाकडे तातडीचा रुग्ण म्हणूनच पाहतात. या धोक्याचे मूळ गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत असते.

आतडे पोटाबाहेर का जाते?

चौथ्या आठवड्यात चकतीसारखा सपाट गर्भ कडांनी दुमडतो आणि आत एक नळी तयार होते. हीच पुढची पचनसंस्था. नळीच्या पुढच्या भागातून अन्ननलिका, जठर, यकृत आणि स्वादुपिंड घडतात; मागच्या भागातून मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आणि गुदाशय. बहुतेक सगळे लहान आतडे आणि मोठ्या आतड्याची सुरुवात मधल्या भागातून होते. हा मधला भाग इतक्या वेगाने लांबतो की पोटात जागाच पुरत नाही. यकृतानेही तिथे बस्तान मांडलेले असते. त्यामुळे सहाव्या आठवड्यात आतडे चक्क नाळेत शिरते आणि दहाव्याच्या सुमारास परतते. या जाण्यायेण्यात ते आपल्या मुख्य रक्तवाहिनीभोवती घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे २७० अंश फिरते. (हे आठवडे फलनापासूनचे. सोनोग्राफीच्या अहवालात ते शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून तिथे दोन आठवडे जास्त दिसतात.)

फेरा अपुरा राहिला तर?

एरवी आतडे पोटाच्या मागच्या भिंतीला एका रुंद पडद्याने तिरके बांधलेले असते. फेरा अपुरा राहिला, तर तेच आतडे अरुंद देठावर लोंबकळत राहते आणि त्याला केव्हाही पीळ पडू शकतो. पिळाबरोबर देठातली रक्तवाहिनीही आवळली जाते आणि काही तासांत आतडे काळे पडू लागते. त्रास होणाऱ्या बाळांपैकी बहुतेकांमध्ये तो पहिल्या महिन्यातच दिसतो. सुरुवातीला बाळाचे पोट मऊ असते, ते फुगलेलेही नसते. त्यामुळे घरचेच काय, डॉक्टरही फसू शकतात. आतड्याचा मोठा भाग काढावा लागला, तर बाळाचे पोषण दीर्घकाळ शिरेवाटे करावे लागते.

बोस्टनचे शल्यचिकित्सक विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया आजही मुख्य उपाय आहे. तिच्यात पीळ सोडवतात, अडवणारे पट्टे कापतात आणि देठ रुंद करतात. आतडे ‘योग्य’ जागी नेण्याचा खटाटोप मात्र करत नाहीत. लहान आतडे उजवीकडे आणि मोठे डावीकडे राहते. तरीही पचन सुरळीत चालते.

आणखी कोणते दोष?

अन्ननलिका मध्येच बंद असेल, तर बाळाच्या तोंडातून सतत फेस येतो आणि पाजताच ठसका लागतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी पोहोचल्याच नाहीत, तर पहिली काळी शी ४८ तास उलटूनही होत नाही. हा हिर्शस्प्रुंग आजार साधारण ५ हजार जन्मांत एका बाळाला होतो. गुदद्वार तयार न होण्याचे प्रमाणही जवळपास तेवढेच, आणि ते कळायला यंत्र लागत नाही. जन्मताच नीट पाहिले तरी पुरते.

सोनोग्राफीत कळत नाही?

अनेकदा नाही. १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत आतड्याचा अपुरा फेरा सहसा दिसत नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अडथळ्याची खूण असलेले दोन बुडबुडेही बऱ्याचदा २४ आठवड्यांनंतर स्पष्ट होतात. म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल’ होता, एवढ्यावर हिरवी उलटी दुर्लक्षिता येत नाही.

यंत्रणा कुठे कमी पडते?

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत नऊ जन्मजात दोष आहेत. फाटलेले ओठ-टाळू सोडले, तर त्यात पचनमार्गाचा एकही दोष नाही. दुसरीकडे, रुग्णालयात प्रसूती झाली की आशा सेविका ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. धोक्याचा काळ नेमका हाच. या भेटींत उलटीचा रंग आवर्जून विचारायला पैसा लागत नाही. खरी अडचण पुढे आहे. बालशल्यचिकित्सक प्रामुख्याने मोठ्या शहरांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दुर्गम पाड्यावरून तिथे पोहोचण्यातच मोलाचे तास जातात.

घरच्यांनी काय करावे?

हिरवी उलटी झाली की गुटी, घुटी किंवा ग्राइपवॉटर देऊन वाट पाहू नये. दूध थांबवून, बाळाला उबेत ठेवून थेट रुग्णालय गाठावे; जवळच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची सोय नसेल, तर पुढे पाठवण्याआधी नाकातून नळी घालून पोट रिकामे करणे आणि शिरेतून सलाइन सुरू करणे तिथेही शक्य असते. उलटी लागलेले दुपटे धुवायला टाकू नये. ते सोबत न्यावे, निदान मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवावा.