पाण्याचा रंग डोळ्यांनी नको, उजेडानं मोजा



तळ्यात कटला-रोहू तरंगले की आपण काय करतो? बाटली भरून बेळगावला पाठवतो. पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो पहाटे, आणि बाटली भरतो आपण दुपारी! मग रिपोर्टात सगळं ठीकच येणार की.

किटमधलं औषध घालून अमोनिया बघावा, तर टॉर्चच्या उजेडात एकाला पिवळा दिसतो, दुसऱ्याला हिरवा.

आता केसासारख्या बारीक वाटा कोरलेल्या चकत्या निघाल्यात. थेंबभर पाणी आणि औषध त्यातच मिसळतं, रंग चढतो. मग आरपार उजेड सोडून त्यातला किती अडला ते यंत्र मोजतं. अमोनिया जास्त, तर उजेड जास्त अडतो. काठावरच आकडा मिळतो. मात्र पावसाळ्यात मार्कंडेयचं गढूळ पाणी गाळूनच घालावं लागेल. गाळसुद्धा उजेड अडवतो, आकडा खोटा येतो.

आमचं मत असं, की मत्स्य खात्याकडच्या मागणीत जाळी-होड्यांबरोबर हे यंत्रही लिहावं. मेलेल्या माशांचे फोटो दाखवले की 'उन्हानं मेले असतील' असं ऐकून घ्यावं लागतं. तारीख, वेळ, आकडा लिहिलेली वही पुढं ठेवली तर तसं म्हणणं सोपं जाणार नाही.

येत्या बैठकीत हा विषय घेतोय. होडीमालकांनी जरूर यावं.

– सचिव