छावणीची शिस्त आणि आपले रांजण

लढाईत पडलेल्यांची नावे शिळेवर कोरली जातात; तापाने, पटकीने गेलेल्या शिपायांची आठवण क्वचितच राहते. वास्तविक जुन्या काळी फौजांचा घात शत्रूपेक्षा रोगांनीच अधिक केला. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८६३ साली आकडा काढला तो असा : वर्षाकाठी हजारी ६९ मृत्यू. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यावर रान उठवले. १८७३ साली त्यांनीच नमूद केले, की हे प्रमाण हजारी १८ वर आले आहे.

बँकेत उभा जन्म आकड्यांशी संसार केल्यामुळे मला या उताराचे कुतूहल वाटते. तेव्हा रोगजंतूंची पुरती ओळखही पटलेली नव्हती. स्वच्छ पाणी, वाहती गटारे, बराकीत माणशी मोकळी जागा आणि आजाऱ्यांची चोख नोंद, एवढ्यावर हे साधले. मात्र ही सुधारणा छावणीच्या वेशीपाशीच थबकली.

रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर. १८८३ साली बंगळूरला त्यांना खिडकीबाहेरच्या पिंपात डासांच्या अळ्या दिसल्या. पिंप उपडे करताच खोलीतले डास कमी झाले. हाच उपाय सगळ्या मेसमध्ये करा म्हटल्यावर वरिष्ठाने साफ नकार दिला! पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी याच रॉसना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. आपली परभणी तेव्हा त्याच निजामी मुलखात होती.

आज प्रश्न आपल्या अंगणातला आहे. मराठवाड्यात पाणी साठवल्यावाचून चूल पेटत नाही. रांजण, टाक्या, हौद ही आपली चैन नव्हे, गरज आहे. डेंग्यूचा डास नेमक्या अशाच साठवणीच्या पाण्यात वाढतो. आरोग्य खाते ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणते. पण नळ कधी येईल याचा भरवसा नसेल तर भरलेला रांजण कोणती गृहिणी ओतून देईल? नियमित पाणी देणे नगरपालिका-महापालिकांचे काम आहे, आणि ते रोगनिवारणाचेच काम आहे. तोवर घट्ट झाकण आणि आठवड्यातून एकदा भांडे घासून कोरडे करणे, हे आपल्या हातचे.

बराकीत हुकूम सुटतो, तपासणी होते. गावात हुकूम देणारा कोणी नाही. तेव्हा प्रत्येक घराने आपला एक वार ठरवावा आणि बँकेतल्या रोजच्या हिशेबासारखा तो चुकू देऊ नये.