तक्रार ही बखर, लॉग ही रोजकीर्द

१/ वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळात बांधल्या गेलेल्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पावसाळी रविवारी पाऊल ठेवायला जागा नसते. समजा, तेथे एका भटक्या तरुणाच्या फोनवरील, लोहगड-विसापूरच्या वाटा दाखवणारे ॲप अचानक बंद पडते. रात्री पुण्यास पोहोचल्यावर तो ॲपकर्त्यास कळवतो : ‘धुक्यात ॲप चालत नाही.’

२/ हे विधान म्हणजे बखर. ते खोटे नव्हे. पण ते घटनेनंतर, आठवणीतून आणि स्वतःच लावलेल्या कार्यकारणभावासह आले आहे. धुके खरेच होते. दोषाशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

३/ वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा. बखरींवर त्यांनी ओढलेले ताशेरे इतिहासप्रेमींना परिचित आहेतच. घटना घडत असताना लिहिलेल्या कागदाला त्यांनी जो मान दिला, तोच ॲप घडवणाऱ्यांनी लॉगला द्यायला हवा. पुष्कळजण मात्र तक्रार वाचून थेट कोड बदलू लागतात.

४/ अँड्रॉइडचे ‘लॉगकॅट’ ही फोनची रोजकीर्द. यूएसबी डीबगिंग सुरू करून फोन केबलने संगणकास जोडला आणि टर्मिनलवर ‘एडीबी लॉगकॅट’ ही आज्ञा दिली की नोंदी ओळीने उतरू लागतात : वेळ, प्रक्रियेचा क्रमांक, गांभीर्य दर्शवणारे एक अक्षर, नोंद करणाऱ्या भागाचे नाव आणि मजकूर. या हजारो ओळींतून ‘फेटल एक्सेप्शन’ हे शब्द शोधावेत. १९७३ पासून चालत आलेले ‘ग्रेप’ येथे कामी येते. त्याखाली ‘कॉज्ड बाय’ या ओळीशी खरे कारण सापडू शकते : रेंज गेली, नकाशाचे उत्तर आलेच नाही, आणि ॲपने रिकामे उत्तर भरलेले समजून उघडले. धुके निर्दोष सुटते.

५/ हे दफ्तर मात्र फार विसरभोळे आहे. नोंदी फोनच्या स्मृतीतील एका गोल साठ्यात राहतात. हा साठा बहुधा २५६ केबींचा. भरला की जुन्या ओळी पुसून नव्या येतात. फोन बंद करून सुरू केला की तेही संपले. भुशीची दुपार पुण्याच्या रात्रीपर्यंत उरत नाही. क्रॅशच्या नोंदींचा साठा निराळा असल्याने त्या थोड्या अधिक टिकतात, एवढाच दिलासा. म्हणून ॲप बंद पडताक्षणी फोनवरच ‘बग रिपोर्ट’ घेण्यास वापरकर्त्याला आधीच शिकवून ठेवणे शहाणपणाचे.

६/ रोजकीर्दही सर्वज्ञ नसते. पेशवे दफ्तरात खर्चाचा रुपया सापडतो, तो देणाऱ्याची नाराजी क्वचितच. कोड लिहिणाऱ्याने जे टिपायचे ठरवले तेवढेच लॉगमध्ये उतरते; काही महाभाग तर पासवर्डही टिपून ठेवतात! २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ पूर्वी, परवानगी मिळवलेले कोणतेही ॲप इतरांच्या नोंदी वाचू शकत असे.

७/ आणि बखर फेकून द्यायची नसते. तक्रारीत ‘दुपारी अडीचच्या सुमारास’ एवढे जरी लिहिलेले असले, तरी लॉगमधला शोध नेमका तेथून सुरू करता येतो.